काठ सोडून

भिंतीवर खडूची पहिली रेघ मारण्याआधी पेंटरकाका रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. तिथे उभं राहून बघायचे, मग उकिडवं बसून बघायचे, मग चालता चालता मान वळवून बघायचे. परत आले की दुकानदाराला प्रश्न. शटर वर गेलं की किती भाग झाकला जातो? पावसाळ्यात ताडपत्री कुठवर उतरते? समोर हातगाडी कोण लावतं, तिची छत्री केवढी? दुकानदार वैतागायचा. त्याला बोर्ड हवा असायचा, आणि इथे चौकशी आयोग बसलेला.

हे सगळं मी समोरच्या गाळ्यातून बघत असे. नाशिकला शालिमारच्या मागच्या एका गल्लीत डीटीपीच्या दुकानात मी नोकरीला होते. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड आणि तेव्हा नुकतेच जोरात आलेले फ्लेक्स. कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी या दोन सॉफ्टवेअरच्या भांडवलावर मी स्वतःला आर्टिस्ट समजत होते. काका दिवसभर उन्हात उभं राहून जे एक नाव रंगवायचे, तसली नावं मी पंख्याखाली बसून भराभर ताणून, सावली टाकून, सोनेरी करून देत होते. त्यांची गिऱ्हाइकं एकेक करून आमच्याकडे यायला लागली. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

अधूनमधून काका आमच्याकडे येत. भिंतीवर कुठल्यातरी सिमेंटचं नाहीतर बियाण्याचं चिन्ह काढायचं असे, त्याची छापील प्रत त्यांना लागे. ती हातात पडली की तिथेच काउंटरवर वाकून ते पट्टीने तिच्यावर चौकोन पाडत. मग भिंतीवर तेवढेच चौकोन मोठ्या मापात. दोरीला निळीची नाहीतर कावेची पूड लावून ती ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. कागदावरच्या एका घरात जे आहे ते भिंतीवरच्या त्याच घरात उतरवायचं. असं घर-घर करत चित्र वर चढायचं. मला ही सगळी पद्धत फार मागास वाटायची. आमच्याकडे माऊस ओढला की काम होत होतं.

ते माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले ते एका फ्लेक्सवरून. एका डेअरीचा बोर्ड मी केला होता. नाव जितकं मोठं तितकं मालक खूश, म्हणून या कडेपासून त्या कडेपर्यंत अक्षरं भरली होती. फ्लेक्स लोखंडी चौकटीवर चढवतात तेव्हा चारी बाजूंनी दोन-तीन इंच मागे दुमडून बांधतात, हे मला माहीतच नव्हतं. मी आयुष्यात एकदाही चौकट बांधताना बघायला गेले नव्हते. बोर्ड वर चढला तेव्हा पहिल्या ओळीतल्या सगळ्या वेलांट्या, मात्रा आणि रफार चौकटीमागे गेले होते. काका खाली उभे होते. म्हणाले, "मॅडम, वेलांट्या मागच्या गल्लीतून वाचायच्या का?"

मी काहीतरी उद्धट उत्तर दिलं असणार. ते गेलं त्यांच्या कानामागून. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी माझ्या रद्दी कागदावर एक चौकोन काढला, आत बोटभर जागा सोडून दुसरा काढला आणि म्हणाले, "आतल्यात लिहा. बाहेरचा काठ आपला नसतो. तो सुताराचा, लोहाराचा आणि खिळ्याचा."

आज मी जे काम करते त्याची सुरुवात मी त्या कागदापासून धरते. मी नाशिक जिल्ह्यातल्या लहान धंद्यांची चित्रं सोशल मीडियासाठी करते. बेदाण्यावाले, चिवडेवाले, एक नर्सरी, येवल्याची एक पैठणीची पेढी. या कामात चौकट कायमच दुसऱ्याची. ती बदलते तेव्हा आधी विचारत नाहीत, आणि विचारायला आपण कोण? पण हे मला कळायला फार वर्षं गेली, आणि तेही काकांनी दरवेळी कान पकडला म्हणून.

मी संध्याकाळी पंचवटीत त्यांच्या घरी जायला लागले. सुरुवातीला ब्रश धरायला शिकायचं म्हणून. तो मला कधीच नीट आला नाही. माझा ऱ्हस्व उकार अजूनही थरथरतो. त्याऐवजी त्यांनी एक फाइल माझ्यासमोर ठेवली. त्यात वर्तमानपत्रातून कापलेल्या नाटकांच्या जाहिराती होत्या, कमल शेडगे यांच्या अक्षरांच्या. शेडगे २०२० साली गेले. त्यांनी नाटकांची आणि मासिकांची जी शीर्षकं काढली ती एका पिढीच्या डोळ्यांत बसलेली आहेत. काका मला एकच गोष्ट शोधायला लावत. हेच नाव पेपरात एका कॉलमात बसतं आणि हेच नाव नाट्यगृहाबाहेरच्या बोर्डावर पुरुषभर उंच होतं. मग या माणसाने काय जपलं आणि काय सोडलं? "लहान होताना अक्षरातलं आधी काय मरतं ते बघ," म्हणायचे. मी बघायला लागले. आधी अनुस्वार मरतो. मग ‘क’ची आणि ‘ळ’ची पोकळी भरून जाते. रफार शिरोरेघेला चिकटतो. ‘द्ध’ आणि ‘द्य’ एकमेकांसारखे दिसायला लागतात. माझ्या संगणकावर मी एवढी वर्षं अक्षरं ताणत होते, पण ती लहान करून, हातभर लांब धरून कधी वाचली नव्हती.

इंग्रजी मोठ्या अक्षरांची वरची कड थोडी कापली तरी शब्द ओळखू येतो. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकलेलं असतं आणि अर्थाचा बराच ऐवज त्या रेघेच्या वर आणि अगदी खाली ठेवलेला असतो. ‘पैठणी’ची वरची बाजू छाटली की ‘पठणा’ उरतो. मराठीत चित्र करणाऱ्याने वरची कड इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त सोडायला हवी, हे मला कुठल्याही क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही. तयार साचे मिळतात ते इंग्रजी अक्षरांच्या मापाने केलेले. त्यात मराठी ओतली की ओळी एकमेकींच्या अंगावर येतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

२०१२ साली फेसबुकने दुकानांच्या पानांना वर आडवं मोठं चित्र लावायची सोय दिली. नाशिकमध्येही ज्याला त्याला पान हवं झालं. मी नोकरी सोडून घरून कामं घ्यायला लागले होते. ते वरचं चित्र ८५१ बाय ३१५ पिक्सेलचं, म्हणजे लांबलचक पट्टी. मी एका मिसळवाल्याचं केलं: डावीकडे खाली नाव, उजवीकडे तर्रीची वाटी. नावाच्या डोक्यावर पानाचा छोटा फोटो येऊन बसला. आणि मोबाइलवर तीच पट्टी ६४० बाय ३६० च्या घरात दिसायची, म्हणजे दोन्ही बाजू आत येऊन वाटी अर्धी. काकांकडे तेव्हा साधा बटणांचा फोन. मी त्यांना कागदावर छापून दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मिसळीबद्दल नव्हता. "या फळीवर ते अजून काय काय टांगणार आहेत?"

त्या प्रश्नाने मला काम शिकवलं. मी पान उघडून त्यावर पट्टी लावून मोजलं: फोटो किती, बटणं कुठे, नाव कुठे येतं, फोनवर काय कापलं जातं. जे उरलं ते मधलं घर. तेवढंच माझं. आज प्रत्येक ठिकाणासाठी मापांचे साचे इंटरनेटवर मिळतात; तेव्हाही मिळत असतील, मला शोधायचं सुचलं नव्हतं. पण काकांच्या प्रश्नामुळे सवय लागली ती मापं पाठ करण्याची नाही. मापं दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात. आपल्या चित्रासमोर काय येऊन उभं राहणार आहे, ते आधी बघून यायची सवय लागली.

मग २०१५ चा सिंहस्थ आला. काकांना त्या वर्षी बऱ्याच दिवसांनी भरपूर काम होतं. तपोवनातल्या साधुग्रामाकडे जाणारे बाण, मंडपांची नावं, पाण्याचे फलक. फ्लेक्स होतेच, पण पत्र्यावर हाताने लिहिलेलं पावसात टिकतं म्हणून काही जणांनी मुद्दाम काकांना शोधून काढलं होतं. मी फोनवर फोटो काढत फिरत होते. इन्स्टाग्राम तोवर चौकोनाचं गाव. २०१० साली सुरू झालं तेव्हापासून तिथे चित्र चौरसच चढायचं. आणि रामकुंडावर चौरस असं काहीच नव्हतं. गर्दी आडवी, नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेली. निर्मोही, निर्वाणी, दिगंबर या अनी आखाड्यांची निशाणं उभी, ताडासारखी. निशाण घ्यावं तर साधू सुटतात, साधू घ्यावेत तर निशाणाचं टोक.

२७ ऑगस्टला इन्स्टाग्रामने चौकोनाची अट काढली. २९ ऑगस्टला नाशिकचं पहिलं शाहीस्नान होतं. आमच्यासाठीच केलं की काय असं वाटावं इतका तो योग जुळला. मी उभे फोटो चढवायला लागले, १०८० बाय १३५० चे. निशाणं टोकापर्यंत दिसली. पण माझ्या स्वतःच्या पानावर, जिथे सगळी चित्रं तीन-तीनच्या ओळीत मांडलेली दिसतात, तिथे खिडक्या चौरसच राहिल्या. उभ्या चित्राचे वरचे १३५ आणि खालचे १३५ पिक्सेल तिथे झाकले जायचे. उघडून बघितलं तर निशाण पूर्ण, मांडणीत बघितलं तर बिनटोकाची काठी. काकांनी रामघाटाच्या पायऱ्यांवर बसून माझा फोन हातात घेतला, दोन्ही बघितलं आणि म्हणाले, "दोन ठिकाणी टांगायचंय तर दोन्ही ठिकाणी उभं राहून बघ ना. एका बोर्डाला दोन रस्ते असतात की."

बरोबर होतं. कोपऱ्यावरच्या दुकानाचा बोर्ड दोन रस्त्यांनी वाचला जातो. पेंटर लोक नाव अशा जागी ठेवतात की दोन्हीकडून पुरं दिसावं आणि जे एकाच बाजूने दिसेल ते दुय्यम असावं. मी निशाणं थोडी खाली घेऊन, वर आकाश सोडून फोटो काढायला लागले. कापलं जायचं ते आकाश.

काकांबद्दल लिहिताना त्यांना संत करण्याचा मोह मला टाळायचाय, कारण ते तसे नाहीत. फ्लेक्सला ते रोज शिव्या देत. रंग उडालेले, फाटून लोंबणारे वाढदिवसाचे फ्लेक्स दिसले की त्यांना आसुरी आनंद व्हायचा. बोर्डांचं काम कमी झालं तेव्हा ते नंबर प्लेट रंगवायला लागले होते. ‘२१४’ असा काढायचा की लांबून ‘राम’ वाचलं जावं, ‘४१४१’चा ‘पापा’ करायचा, हे त्यांचं हातखंडा काम. नियमात ते बसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, ठरलेलं माप, ठरलेलं अक्षर, आणि तेही काम हळूहळू आटलं. तेव्हा मात्र ते चिडले नाहीत. "ते बरोबर आहे," म्हणाले. "नंबर पोलिसाला वाचायचा असतो." मग दगडावर नाव कोरणाऱ्यांना पेन्सिलीने अक्षर काढून द्यायला लागले. देवळांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं असतात ना, ती.

त्यांनी उमेदवारी केली होती सिनेमाच्या बॅनरवर. नाशिकमध्ये त्यात नवल नाही. दादासाहेब फाळके इथलेच, जन्म त्र्यंबकचा, १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी कामाचा तळ मुंबईहून नाशिकला हलवला आणि १९४४ साली ते इथेच गेले. सिनेमात येण्याआधी ते छायाचित्रकार होते, छपाईवाले होते. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं होतं. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाणं हा त्या माणसाचा स्वभावच असावा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मी तिथे एकदा काकांना घेऊन गेले. मला वाटलं ते भारावतील. त्यांनी बाहेरच्या पाटीवरचा ‘ळ’ बघितला आणि नाक मुरडलं.

मी रील्सबद्दल तक्रार करत होते त्या काळात त्यांनी मला सिनेमास्कोपचं सांगितलं. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केली. पुढे सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच केली. सगळं एकदम उभं झालं, ९:१६. माझ्याकडचं इतक्या वर्षांचं सामान आडवं आणि चौरस. काका म्हणाले, "आमच्या लहानपणी उलटं झालं होतं." पडदा चौरसाच्या जवळपासचा असायचा, ४:३ चा, मग १९५९ ला ‘कागज़ के फूल’ आला, आपला पहिला सिनेमास्कोप, आणि पडदा पसरला. काका बॅनर रंगवायला लागले तोवर ‘सिनेमास्कोप’ हा शब्द नटाच्या नावाइतका मोठा लिहावा लागायचा, दोन्ही टोकांना उंच आणि मधे बारीक असा वाकवून. बॅनरची बांबूची चौकट मात्र जुनीच. "नायक-नायिका मधे, व्हिलन कडेला," ते म्हणाले. "चौकट अपुरी पडली तर व्हिलनचा खांदा कापायचा." मी हसले. पण घरी येऊन द्राक्षवाल्यांचे व्हिडिओ बघितले तेव्हा हसू गेलं.

लॉकडाऊनमध्ये दिंडोरी-निफाडकडचे काही ओळखीचे शेतकरी थेट गिऱ्हाइकाला माल द्यायला लागले होते आणि स्वतःच व्हिडिओ करत होते. बागेत उभं राहून घड दाखवायचा आणि खाली मोबाइल नंबर टाकायचा. आता उभ्या व्हिडिओत, १०८० बाय १९२० च्या चौकटीत, वरचे साधारण २५० पिक्सेल खात्याच्या नावाखाली जातात, आणि खालचे साडेतीनशे, रीलमध्ये त्याहून जास्त, मजकूर आणि बटणांखाली. नंबर बरोबर तिथेच. म्हणजे व्हिलन मधे आणि नायक कडेला. मी फक्त नंबर उचलून छातीच्या उंचीवर आणला. एवढ्याशा कामाचे त्या लोकांनी माझे इतके आभार मानले की मला ओशाळल्यासारखं झालं. ते आभार पंचवटीत जायला हवे होते.

येवल्याच्या पेढीचं काम मला याच सुमारास मिळालं. तिथला ऑनलाइन कारभार वहिनी बघतात. मी आणि सगळी गिऱ्हाइकं त्यांना वहिनीच म्हणतो. पैठणीचा पदर हे फोटोच्या दृष्टीने अवघड प्रकरण. त्यात मोर, मुनिया, कमळ, आसावलीच्या वेली इतकं असतं की सगळं घ्यावं तर काहीच दिसत नाही. मी एक युक्ती केली, तेव्हा सगळीकडे चाललेली. बांगडी मोराच्या नक्षीचा एक मोठा फोटो नऊ चौरसांत कापला आणि नऊ पोस्ट म्हणून चढवला. पेढीचं पान उघडलं की तीन बाय तीनच्या मांडणीत एकच भलामोठा मोर. वहिनींना फार आवडलं. पुढचं सगळंही मी तसंच रचत गेले. त्याची किंमत अशी की एक नवी पोस्ट टाकली की सगळी चित्रं एक घर सरकतात आणि मोराचं डोकं दुसऱ्या ओळीत जातं. म्हणून तीन-तीनच्या हप्त्यानेच टाकायचं. सांगायला एकच गोष्ट असली तरी बरोबर दोन भरतीच्या पोस्ट. अमुक दिवसाच्या शुभेच्छा, तमुक दिवसाच्या शुभेच्छा. मांडणी मोडू नये म्हणून आम्ही शुभेच्छा देत सुटलो होतो.

जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने मांडणीतल्या खिडक्या उभ्या केल्या, ३:४. त्यांचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी कारणही सांगितलं: आता लोक चढवतात त्यातलं बहुतेक उभंच असतं, चौकोन हा आमचा वारसा आहे खरा, पण उभं चित्र चौरसात दाबणं बरं नाही. ज्यांनी मेहनतीने मांडणी रचली त्यांना त्रास होणार हेही त्यांनी मान्य केलं. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. २०१५ ला निशाणाचं टोक जात होतं तेव्हा मी हेच मागत होते.

पण चौरस चित्र उभ्या खिडकीत आलं की त्याची रुंदी १०८० वरून ८१० वर येते. डावीकडचे १३५ आणि उजवीकडचे १३५ पिक्सेल जातात. तोच आकडा, दहा वर्षांपूर्वी वरून-खालून जात होता, आता बाजूंनी गेला. नऊ तुकड्यांच्या प्रत्येक उभ्या सांध्यावर दोन्हीकडचे मिळून २७० पिक्सेल गायब. मोराची चोच एका घरात, डोळा दुसऱ्यात, मधली मान नाही. शेजारी लिहिलेल्या पेढीच्या नावातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गेलं. पुढे इन्स्टाग्रामने खिडकीत चित्र सरकवून घेण्याची सोय दिली, पण सरकवून काय होणार? एक बाजू आत घेतली की दुसरी बाहेर जाते.

वहिनींचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, "मोराला काय झालं हो?" एवढंच म्हणाल्या. मी फोन घेऊन काकांकडे गेले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्यांना सगळे रंग जास्त निळे दिसत होते, त्याचंच त्यांना कौतुक. त्यांनी मोर बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "अगं पोरी, चौकोन पुसले नाहीस होय?"

मला आधी कळलंच नाही.

"आम्ही चौकोन पाडतो ते चित्र वर न्यायला," ते म्हणाले. "वर गेलं की ओलं फडकं मारून पुसून टाकतो. तू तर तेच दुकानात मांडलेस."

मग त्यांनी पदराचा फोटो मागितला, पूर्ण, न कापलेला. मी छापून नेला. त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून एक खिडकी केली आणि ती फोटोवरून फिरवायला लागले. एकेका जागी थांबायचे आणि विचारायचे, "हे एकटं बघितलं तर साडी आहे हे कळतं?" कुठे कळत होतं, कुठे नव्हतं. मोराचा डोळा आणि मानेवरची जर जिथे होती तिथे कळत होतं. नुसत्या पिसाऱ्यात कळत नव्हतं. नारळी काठाचा लांब तुकडा आला तिथे ते म्हणाले, "हे कडेला टाक. हे किती कापलं तरी बिघडत नाही, पुन्हा पुन्हा तेच येतं ना. जे एकदाच येतं ते मधे घे."

गेल्या वर्षी मी पेढीचं सगळं काम त्या वाक्यावर नव्याने बांधलं. प्रत्येक चित्र आपल्या पायावर उभं. एकदाच येणारी गोष्ट, मोराचा डोळा, विणकराची तिल्ली धरलेली बोटं, पेढीचं नाव, अशा मधल्या घरात की चौरसात, ३:४ मध्ये, ४:५ मध्ये आणि गोल फोटोत ती शाबूत राहील. कडांना काठाची नक्षी, जरीचा पोत, रिकामं कापड. मूळ फोटो लागतो त्याहून सैल काढायचा, आकाश सोडायचं. शुभेच्छांच्या भरतीच्या पोस्ट बंद झाल्या, याचा मला सगळ्यात जास्त आनंद. येवल्यात हे दाखवलं तेव्हा एक म्हातारे विणकर म्हणाले की आम्ही नक्षी ग्राफ पेपरवर काढतो ती मात्र पुसत नाही, घरागणिक धागा मोजून विणतो. काकांना ते सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. "त्यांचं वेगळं. त्यांची चौकट त्यांच्याच मागावर आहे."

एवढं सगळं घेऊन मी त्यांना कधी काही दिलं नाही. म्हणजे दिवाळीला चिवडा-मिठाई नेली असेल, डोळ्याच्या ऑपरेशनला सोबत गेले असेन, पण कामाचे पैसे म्हणून काही नाही. विषय काढला की ते उडवून लावत. शेवटी पेढीच्या नावासाठी मी त्यांच्याकडून अक्षरं मागितली. त्यांनी कागदावर कितीतरी वेळा ‘पैठणी’ काढलं. ‘पै’च्या मात्रा आडव्या करून शिरोरेघेला लगटून ठेवल्या, ‘णी’ची वेलांटी बसकी करून मागे ओढली, म्हणजे वरून कितीही कापलं तरी शब्द शाबूत राहावा. ‘ठ’ची पोकळी मुद्दाम मोठी ठेवली; फोनवर वाटाण्याएवढी झाली तरी ती भरत नाही. मी ते स्कॅन करून लावलं. वहिनींनी नाव बघून काही विचारलं नाही. ते तिथे कायमचंच होतं असं त्यांना वाटलं.

या वेळी मी काकांना सांगितलं, बिल द्या, नाहीतर मी अक्षरं वापरणार नाही. तर त्यांनी खरंच बिलबुक काढलं. आमच्याच जुन्या दुकानात छापलेलं. पेन उघडलं आणि अडले. पेंटरचा दर चौरस फुटावर असतो.

"किती फूट?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, फोनवर अर्धा इंच. गोल फोटोत त्याहून कमी. पिशवीवर चार इंच. येवल्याच्या दुकानावर लावतील तेव्हा बारा फूट. शिवाय एकच अक्षर हजार फोनांवर, ते कसं धरायचं?

त्यांनी हजार फोन सोडून दिले. मग आमची चांगली तासभर घासाघीस झाली. अर्ध्या इंचाचे पैसे घ्यायला त्यांना लाज वाटत होती आणि तेवढेच द्यायला मला. शेवटी ठरलं ते असं: जिथे सगळ्यात मोठं लागेल तिथल्या मापाने दर, बाकी ठिकाणी ते किती वेळा आणि केवढं दिसतं ते त्यांनी बघायचं नाही. बारा फूट लांब, अडीच फूट उंच, हाताने रंगवलेल्या इनॅमलच्या बोर्डाचा चालू भाव. त्यातून रंगाचे पैसे त्यांनी वजा केले, कारण रंग लागला नव्हता.